ओल्या लाखेचं म्यान

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे माझ्या सख्ख्या सेइगोकाकांच्या बाबतीत घडलंय, आणि त्यांना खोटं बोलून काही मिळवायचं नाही.

रात्र नव्हती. भर दुपार होती. २००८ चा नोव्हेंबर. जपानच्या किसो खोऱ्यातलं हिरासावा, जिथं घरोघरी झाडाच्या चिकाचं लाखकाम चालतं.

काका जुन्या लष्करी तलवारींच्या म्यानांवरचा रंग पारखायचे. कारखान्यातला मूळ, की मागून फासलेला? 'मूळ' या शब्दासाठी गिऱ्हाईक जीव टाकतं.

त्या गावच्या नुइआजींना मात्र तो शब्द नको होता.

त्यांचा थोरला भाऊ शूकिची लाखकारागीर. दुसऱ्या महायुद्धात लढाईवर निघताना त्यानं म्यानावरचा सरकारी रंग खरवडून आपल्या हातानं लाख चढवली होती. तो परत आलाच नाही. आता अमेरिकेहून कुणीतरी युद्धात हाती लागलेलं म्यान धाडलं होतं. नुसतं म्यान. पात्याला इथं परवानगी नाही.

"खाली सरकारी रंग निघाला तर हे परक्याचं," आजी म्हणाल्या. "दादाचं थडगं रिकामं आहे हो. परक्याचं लाकूड कसं ठेवू त्यात?"

"बघतो. धूळ नसलेली जागा आहे?"

"दादाची लाख वाळवायची कोठी. तुमचं पोट दारातून गेलं म्हणजे मिळवली."

पोट गेलं. काकांनी विजेरी लावली. म्यानाच्या तोंडाचं पितळी कडं सरकवलं. कड्याखाली झाकलेला रंग खोटं बोलत नाही.

चाकू टेकवून त्यांनी नखाएवढा रंग खरवडला...

दार लागलं.

वाऱ्यानं असेल, म्हणून त्यांनी ढकललं. हललं नाही.

"आजी, अहो आजी."

त्या जाड मातीच्या भिंतींत त्यांचा आवाज जागच्या जागी मेला.

मग...

सर्र... सर्र...

कुंचल्याचा आवाज. अगदी जवळ.

काकांनी घाईघाईनं पुन्हा चाकू उचलला. आणि कुणीतरी मनगट धरलं. जोरात नाही. शिकाऊ पोराचं धरतात तसं.

विजेरीच्या उजेडात कुणी नव्हतं. पण खरवडलेली जागाही नव्हती. तिथं काळीभोर लाख चमकत होती. बोट लावलं... चिकटलं.

काका त्याच मुलखातले. ओली लाख आत असताना कोठीचं दार कुणी उघडत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. ही वाळेपर्यंत सुटका नाही.

ते भिंतीला टेकून बसले. धूळ उडेल म्हणून हलले नाहीत. श्वाससुद्धा बेतानं. आयुष्यात एवढा कधी घाबरलो नव्हतो, असं ते स्वतः सांगतात.

खूप वेळानं पुन्हा बोट लावलं. कोरडं.

बाहेर कडी वाजली.

उंबऱ्याशी आजी बसल्या होत्या. डोळे लाल.

"मी किती हाका मारल्या, आजी."

"ऐकल्या ना. मी तर उघडायलाच आले होते." त्यांनी म्यान छातीशी धरलं. "पण आतून दादा म्हणाला, 'कडी घाल, नुइ. अजून वाळलं नाही.'"

निकाल त्यांनी विचारलाच नाही. दुसऱ्या दिवशी म्यान थडग्यात गेलं.

काकांच्या मनगटावर मात्र बिब्बा उतल्यासारखे चार बोटांचे फोड उठले. डॉक्टर म्हणाले, लाखेचा कच्चा चीक. वाळलेल्यानं असं होत नाही.

मी एकदा विचारलं, "काका, आजींच्या दादाचा तो आवाज तुम्हीही ऐकलात?"

ते मनगट चोळू लागले.

"नाही रे. मला कुणाचं बोलणं ऐकू आलं नाही. आत मी एकटाच होतो... त्याला बोलायला तोंडही माझं एकट्याचंच होतं."