सत्यजितचा निरोप

दाखव बघू तो रूट. लांबून नको, फोन इकडे दे, रुपेश. चष्मा कुठे ठेवला मी... हं.

बासष्ट किलोमीटर, नऊशे मीटर चढ. कोणी बनवलाय हा? माहीत नाही. म्हणजे कुणा अनोळखी माणसाने इंटरनेटवर टाकला आणि उद्या सकाळी तुम्ही दोघं सायकली काढून त्याच्या मागे निघणार. शाबास. एकतीस वर्षं मी इथे न्युरेम्बर्गला क्वालिटीत काढली, दोनदा मोजल्याशिवाय स्क्रू पुढे सोडला नाही.

बसा जरा. साडेनऊच झालेत. शमिका, तो दिवा राहू दे, मालवू नकोस. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं सांगतो, मग काय ते ठरवा.

सत्यजित देवस्थळी. सांगलीचा. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसायचा. सरळ मुलगा. त्याला हा ग्रॅव्हल सायकलीचा नाद लागला होता. रेसच्या सायकलीसारखं वाकडं हँडल, पण टायर जाड, त्यामुळे डांबर संपलं तरी हा आपला चाललाच. ऑफिसातल्या सहा जणांनी रविवारी फ्रँकिश श्वाइत्सच्या डोंगरांत जायचं ठरवलं आणि रूट शोधायचं काम याच्या गळ्यात पडलं. यानेही असाच कुणाचातरी उतरवून घेतला. पण निदान आदल्या दिवशी एकटा जाऊन तपासून यावा एवढी अक्कल होती.

तारीख अठ्ठावीस ऑक्टोबर दोन हजार सतरा, शनिवार. त्या रात्री हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे जायची होती, म्हणून पक्की लक्षात आहे.

घरी बायको, ऊर्मिला. सातवा महिना. बीपी वाढलेलं, डॉक्टरने झोपून राहायला सांगितलेलं, आणि याच्या आईच्या व्हिसाचं अजून घोंगडं भिजत पडलेलं. म्हणजे घरात तिसरं माणूस नाही. निघताना तो म्हणाला, सातपर्यंत येतो. ती म्हणाली, सात म्हणजे सात.

आता त्या घरातली एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. सत्यजित नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील एका सकाळी स्कूटरची किल्ली सापडेना म्हणून चिडले. मिळाली तेव्हा उशीर झालेला. तणतणत "जातो मी" म्हणाले आणि गेले. संध्याकाळी लोकांनी त्यांना घरी आणलं. तेव्हापासून तो शब्द त्या घरात कुणी उच्चारला नाही. आपण सगळेच निघताना येतो म्हणतो, पण हा म्हणजे कहर. ऑफिसात सगळ्यांचा जर्मनमध्ये च्यूस म्हणून निरोप घेऊन झाला की दारापाशी हळूच, स्वतःशीच, "येतो." मी या कानांनी ऐकलंय.

तर एबरमानस्टाटपर्यंत रेल्वेने गेला आणि तिथून सायकल. तिकडे चुनखडीचे डोंगर, त्यामुळे जंगलातली वाटसुद्धा पांढरी. दुपार मजेत गेली. कुठे खडी मोठी आहे, कुठे उतरून ढकलावी लागते, सगळं टिपून घेतलं. सहाच्या सुमारास उजेड गेला. शेवटचे अकरा किलोमीटर राहिले होते, सगळे जंगलातून. बाटलीतलं पाणी संपलेलं. फोनला रेंज नाही. ती दरीच तशी, सिग्नल न पोहोचणारी; इथले लोक फुंकलोख म्हणतात.

जंगलाच्या तोंडाशी एक घर लागलं. खिडक्यांत दिवा नाही. ओसरीत बाकावर एक म्हातारी बसलेली. डोक्याला रुमाल, हात मांडीवर. याने जर्मनमध्ये पाणी मागितलं. ती बोलली नाही, भिंतीजवळच्या हातपंपाकडे बोट केलं. याने बाटली भरली. दांके म्हणाला. सायकलवर टांग टाकली आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "येतो हं, आजी."

म्हातारी म्हणाली, "या."

तो हसला. आता यात हसण्यासारखं होतंच. जर्मन माणसाचा होकार आणि आपलं या, कानाला एकच. म्हातारी आपली हो म्हणाली, झालं.

पाच-सात मिनिटं उतार. मग चढ. मग एक वळण, आणि समोर घर. बाक. म्हातारी.

त्याला वाटलं, दुसरं घर असेल, त्या भागात सगळी सारखीच दिसतात. पण पंपाखाली त्याने सांडलेल्या पाण्याचं थारोळं अजून तसंच होतं. त्यातून गेलेली त्याच्याच टायरची नक्षी. हँडलवरच्या छोट्या स्क्रीनवर पाहिलं तर चार किलोमीटर पुढे आलेला. नकाशावर रेघ सरळ. कुठे वळलेली नाही.

तो ओशाळला. काहीतरी बोलायचं म्हणून पुन्हा म्हणाला, "येतो."

"या."

या वेळी हसला नाही.

पुन्हा उतार. पुन्हा चढ. दिवा लावून, एकेक फाटा बघत गेला. फाटा नव्हताच. वळण आलं...

घर.

आता तो उतरला नाही. बोललाही नाही. मान खाली घालून जोरात पुढे काढली. चार किलोमीटर.

घर. म्हातारी उठून उभी होती.

परत चार.

ती पंपापाशी होती. वाटेच्या कडेला. हात तसेच, एकावर एक.

साडेसात वाजून गेले होते. तिकडे ऊर्मिला एकटी. तिला जर काही झालं... त्याच्या तोंडाला कोरड पडली, पण बाटलीला हात लावायची हिंमत होईना. आणि तेव्हा त्याला उमगलं. मी येतो म्हणालोय. म्हणून येतोय.

दुसरा शब्द त्याला माहीत होता.

किती वेळ तो तसाच उभा राहिला कुणास ठाऊक. मला म्हणाला, काका, मला बाबांची स्कूटर दिसत होती. आईचा चेहरा दिसत होता. मी तो शब्द म्हटला तर मी त्यांच्यासारखाच जाईन, आणि नाही म्हटला तर इथून हलणार नाही. दोन्हीकडून ऊर्मिला एकटीच.

मग म्हणाला. वर न बघता.

"जातो."

काही नाही. या नाही. पान हललं नाही...

त्याने सायकल दामटली. उतार. चढ. वळण. डांबर. खाली गावाचे दिवे.

घरी पोहोचला तेव्हा पावणेदहा. ऊर्मिलाने दार उघडलं. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती रागावली नाही. तिने त्याच्या तोंडावरून, खांद्यांवरून हात फिरवला, मग भिंतीला धरून खाली बसली आणि रडायला लागली. हातात फोन होता. पावणेआठच्या सुमारास त्याच्याकडून व्हॉइस मेसेज आला होता. त्यात जे होतं ते ऐकून ती दोन तास दाराशी बसून होती.

त्याने मेसेज पाठवलाच नव्हता. फोन पाठीवरच्या खिशात होता आणि रेंज नव्हती.

सोमवारी त्याने मला हे सांगितलं. मला आधी संशय त्याचाच. म्हटलं, पोरगा बियरकेलरमध्ये बसला असणार आणि आता बायकोसमोर तोंड दाखवायला गोष्ट रचतोय. मी स्पष्ट म्हणालो तसं. तो मला सरळ घरी घेऊन गेला. दोन्ही फोन मी हातात घेऊन बघितले. तिच्या फोनमध्ये मेसेज आहे, सात बेचाळीसचा. याच्या फोनमध्ये पाठवल्याची खूण नाही. पुसलाय म्हणावं तर तसंही दिसेना.

पुढच्या शनिवारी गाडी काढून मी स्वतः गेलो. भर दुपारी, हे कबूल करतो. घर आहे. खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या. ट्रॅक्टरवाला एक भेटला, तो म्हणाला दोन हजार नऊपासून कुणी राहत नाही. त्याआधी कोण होतं? एक म्हातारी, एकटी, जन्मात जिल्ह्याबाहेर गेली नाही. पंपाचा दांडा मी दोन्ही हातांनी ओढला. गंजून जाम. हलला नाही.

येताना मी त्या घराकडे पाठ करून काहीच बोललो नाही. उगाच कशाला.

ऊर्मिला सुखरूप बाळंत झाली, मुलगी आहे, स्वराली. ते आता र्युसेल्सहाइमला असतात. सायकल तळघरात आहे, चाकं काढून ठेवलेली. आणि तो मेसेज ऊर्मिलाने पुसला नाही. पुसायची भीती वाटते म्हणते.

मी तो हेडफोन लावून अकरा वेळा ऐकलाय. सात सेकंदांचा आहे. सुरुवातीला सत्यजितचा आवाज, घोगरा. जातो. ऊर्मिलाने एवढंच ऐकलं आणि फोन कानापासून काढला, बिचारीने. पुढचं तिने दुसऱ्या दिवशी ऐकलं.

पुढे चार सेकंद काही नाही. वारा नाही, श्वास नाही.

मग अगदी जवळून, म्हातारीचा आवाज. रागावलेला नाही. आपल्या घरातलं वडीलधारं माणूस पोरांना सांगतं ना, तसा.

"जातो म्हणू नये. येतो म्हणावं."