तीन बरण्यांतली चटणी

"माझ्या आईची चटणी चोरीला गेली," संयोगिता म्हणाली आणि केरबाला हसू आवरेना.

इकबाल मुजावरने त्याच्याकडे एकदा पाहिले. केरबाने हसू गिळले. शाहूपुरीतल्या या एका खोलीच्या कचेरीत चौदा वर्षे लग्नाआधीच्या चौकशा, पळालेले भागीदार आणि गायब मोटारसायकली एवढेच येत होते. इकबाल डोक्याने काम करायचा आणि केरबा, तालमीतला जुना गडी, पायांनी. डोक्याचे काम सोपे असते असे केरबाचे ठाम मत होते, कारण त्याने ते कधी केले नव्हते.

"सगळं सांगा, ताई," इकबाल म्हणाला.

"नेसरीची विठाबाई माझी आई. माघात गेली. वर्षभराच्या मसाल्याच्या चटणीचं प्रमाण तिनं कधी कागदावर लिहिलं नाही, सगळा हाताचा अंदाज. यंदाच्या उन्हाळ्यात शिकवते म्हणाली होती आणि उन्हाळ्याआधीच गेली." संयोगिताने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "गेल्या वर्षीची अर्धी बरणी माझ्याकडं शिल्लक होती. चटणी समोर असली की चाखत चाखत प्रमाण जुळवता येतं. पुढच्या चैत्रात जुळवणार होते. तेवढीच आशा होती, इकबालभाई."

"आणि आता?"

"आता त्या जागी कुणीतरी दुसरीच चटणी भरलीय. आईची चटणी गिळली की मागनं घशात एक चव यायची. ती नाही. माझ्या नवऱ्याला, विश्वजितला, फरक कळत नाही. त्याला पोहे आणि चुरमुरे यांतला फरक कळला तरी खूप झालं."

"संशय कुणावर?"

"सासूवर. बायडाबाई. त्यांची चटणी भारी की आईची, यावरनं लग्नाच्या पहिल्या वर्षापासून वाद. हे त्यांनीच केलं असेल तर मी आजच घर सोडणार. बॅग भरून ठेवलीय."

"चटणी ठेवलेली कुठं?"

इतक्या दुःखातही तिचा आवाज थोडा उजळला. जिन्याखाली त्यांची कोठी होती. अंधार, उंदीर आणि गाठी मारलेल्या सतरा पिशव्या. तिने ती सातशे रुपयांत नवी केली होती. लक्ष्मीपुरीतून सफरचंदाच्या रिकाम्या पेट्या आणून त्यांच्या फळ्या केल्या, भिंतीला चुना लावला, भंगारवाल्याकडून चोवीस काचेच्या बरण्या घेतल्या.

"नागपंचमीच्या आदल्या रविवारी सकाळी बरण्या धुतल्या, फडक्यानं पुसल्या, संध्याकाळपर्यंत भरून, नावं चिकटवून फळीवर लावल्या. चटणी आधी चिनीमातीच्या बरणीत होती. ती तीन काचेच्या बरण्यांत काढली. समोर दिसावी म्हणून. आत आईचे हिंगाचे तीन खडे होते, एकेकीत एकेक टाकला. सोमवारी पहाटेच नेसरीला गेले. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. बारा दिवसांनी परतले."

"मधे घरात कोण होतं?"

"विश्वजित, सासूबाई आणि भांडी घासायला येणाऱ्या शालूबाई. बस."

मंगळवार पेठेतले संयोगिताचे घर दोन खोल्यांचे होते, पण कोठी बघण्यासारखी होती. पाहुण्यांना बसायला सांगण्याआधी दाखवावी अशी. ओळीने काच, काचेत डाळी, प्रत्येकीवर निळ्या शाईत नाव. केरबाने मनापासून मान डोलावली.

इकबाल चटणीच्या तीन बरण्यांपाशी थांबला. या तिन्हींवरची शाई ओघळली होती. बाकी एकवीस नावे कोरल्यासारखी स्वच्छ होती. त्याने झाकण काढले. चटणी लालभडक, वास ताजा. चमच्याने हिंगाचा खडा उकरून त्याने तो फोडला. तो आतपर्यंत तांबडा झालेला होता.

"वर्षभर मुरलेला हिंग," तो पुटपुटला.

"मग चटनी जुनीच की!" केरबा म्हणाला.

"दीड वर्षाची चटणी काळपट पडती, केरबा. ही टोमॅटोपेक्षा लाल हाय."

पहिला नंबर विश्वजितचा लागला. तो एमआयडीसीतून नुकताच आला होता.

"मला खरंच काय म्हाईत न्हाय, साहेब. चटणी डब्यात असती, मी खातो."

"त्या बारा दिवसांत घरात काही वेगळं?"

विश्वजितने डोके खाजवले. "एकदा घरात आलो तर डोळ्यांतनं पाणीच पाणी. आई म्हणाली, फोडणी जळली. खोबऱ्याचापण वास येत हुता. मी जेवलो आनि झोपलो."

शालूबाई मागच्या दारात भांडी घासत होत्या. त्यांना विचारायची गरजच नव्हती, त्या आधीच बोलत होत्या.

"माझ्यावर आळ घेऊ नगासा, आधीच सांगतो! मी कोठीत पाय टाकत न्हाय. भांडी घासायची आनि धुनं वाळत घालायचं, एवढंच माझं काम. पंचमीच्या आधीपास्नं पंधरा दिस कपडी वाळत न्हवती, ऊन कसलं ते बघाय मिळंना."

"कचरा तुम्हीच टाकता का?"

"व्हय. आनि एक सांगू? श्रावणात मिरचीची देठं निघाली बादलीत, ओंजळभर! मी म्हटलं, आता कोन चटनी कांडतंय? बायडाबाई म्हनल्या, तोंड बंद ठेव."

"अजून काही?"

"तीन बरण्या धुऊन दोन दिस शेगडीजवळ पालथ्या घातल्या हुत्या त्यांनी. हात लावू देईनात."

संयोगिता दारात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा दगडासारखा झाला.

बायडाबाईंनी चहा केला. साखरेची बरणी काढली आणि चमच्याच्या दांड्याने आत चार ठोके घातले तेव्हा कुठे एक ढेकूळ निघाले. कप त्या पदराने धरत होत्या. बोटांची टोके सुजलेली, त्यांवर खोबरेल तेल चोपडलेले.

"बोटांना काय झालं, मावशी?"

"म्हातारपन झालं, पावणं. तिच्या आईच्या चटनीला मी हात लावत न्हाय. हौस बी न्हाय."

इकबालने चहा संपवला. मग त्याने सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवले. केरबा मनातून खूश होता. आता सासू सापडणार हे त्यालाही कळले होते.

"चटणी मावशींनी बदलली," इकबाल म्हणाला. "मिरचीची देठं, भाजलेलं खोबरं, सुजलेली बोटं. कुणाचं काम ते उघड हाय."

"व्हय, मीच टाकली," बायडाबाई ताडकन म्हणाल्या. "बघवत न्हवती मला. मेल्यावर बी तिच्याच आईचं कौतिक! दिली टाकून. झालं समाधान?"

संयोगिता उठली. बॅग दाराशीच होती.

"बसा, ताई," इकबाल म्हणाला. "मावशी खोटं बोलताहेत."

"गप बसा की ओ, पावणं!" बायडाबाईंचा आवाज फाटला.

पण इकबाल गप्प बसला नाही. पुढे किती दिवस त्याला वाटत राहिले की बसायला हवे होते.

"जिला चटणी बघवत नाही ती बाई बुडाशी जाऊन हिंगाचे तीन खडे शोधून काढत नाही. ते पुसून नव्या चटणीत एकेक परत ठेवत नाही. दिवसभर मिरच्या मोडून, बोटं भाजून घेऊन बदली चटणी करत नाही. हे द्वेषानं होत नाही, ताई."

"मग कशानं?"

"तीनच बरण्यांची शाई ओघळलीय. म्हणजे नावं चिकटवल्यानंतर त्या तीनच पुन्हा धुतल्या. नुसती चटणी ओतून घ्यायची तर बरणी कशाला धुवायची? मग दोन दिवस शेगडीजवळ कशाला वाळवायची? बरणीत नको ते काहीतरी होतं म्हणून."

संयोगिताची नजर कोठीकडे वळली.

"साखरेचं ढेकूळ झालंय. ती बरणीपण त्याच रविवारी भरलेली. पंधरा दिवस ऊन नव्हतं, ताई. सकाळी धुतलेली बरणी फडक्यानं पुसली तर वरनं कोरडी दिसती, तळाशी आणि झाकणाच्या आट्यात पाणी राहतं. साखर ते सोसती. चटणी सोसत नाही."

केरबाने मान खाली घातली. पहिल्यांदाच त्याला इकबालने सांगण्याआधी शेवट कळला होता.

"बुरशी," संयोगिता म्हणाली. आवाज निघालाच नाही, नुसते ओठ हलले.

"तुम्ही नेसरीत होता. मावशींनी झाकण उघडलं तेव्हा ती धरलेली होती. चोर कुणी नाही."

विश्वजित बायकोकडे बघत होता आणि तिला हात लावावा की नाही हे त्याला ठरवता येत नव्हते.

"कशाला सांगितलंसा?" बायडाबाई इकबालला म्हणाल्या. आता त्या ओरडत नव्हत्या, रडत होत्या. "गेली असती माझं घर सोडून, जाऊ दे की. सासूच्या नावानं बोटं मोडत बाई जन्म काढती. सोताच्या नावानं न्हाय काढता येत."

इकबालने आयुष्यात शेकडो लोकांना खरे सांगितले होते. त्यातले इतके निरुपयोगी खरे कुठलेच नव्हते.

"आत्या," संयोगिता सासूला म्हणाली, "चिमूटभर तरी ठेवली असेल की तुम्ही?"

"वरची काढून खालची ताटात पसरली हुती, बाय. तीन दिस चुलीवर धरली. वास जाईना. तिन्हींत खोलवर गेलती. घंटागाडीत घातली शेवटी."

"आणि ही कशी केलीत?"

"जिभंवर हुती तशी केली. बारा वर्सं तिच्या चटनीला नावं ठेवत खाल्ली मी, सगळी चव पाठ हाय. पर ते मागनं येतंय ते न्हाय जमलं. इठाबाय त्यात काय घालत हुती, देवाला ठाऊक."

"मलाही नाही ठाऊक," संयोगिता म्हणाली.

ती हळूहळू खाली बसली, सासूशेजारी, जमिनीवर. इकबाल उठला. दारात तो चपला घालायला थांबला.

"चोर असता तर बरं झालं असतं, इकबालभाई," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "त्याच्या पाया पडून चमचाभर तरी मागून आणली असती."