शेवटच्या डब्याची लाल पाटी

नातीने माझ्यासमोर कागदांचा गठ्ठा ठेवला तेव्हा मी उशांचे अभ्रे टाचत बसले होते.

"आजी, चष्मा लाव. एक्केचाळीस प्रश्न आहेत."

"लग्नाच्या वेळी मला इतके कुणी विचारले नव्हते," मी म्हटलं. "एकच विचारला होता, रेल्वेच्या फाटकावर राहशील का."

ती हसली आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसली. संगणकावर आगगाडी चालवायचा एक खेळ आहे, त्याचं तिला वेड. खेळ बनवणारे लोक दरवर्षी खेळणाऱ्यांकडून नवे मार्ग मागवतात. ज्याची माहिती पक्की, त्या मार्गाचा ते नमुना तयार करतात, आणि त्या नमुन्यावर गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत बिनचूक गेली, की तो मार्ग खेळात कायमचा. शिवाय सुचवणाऱ्याला ते कामावर घेतात. नात नकाशांच्या कचेरीत सहा वर्षं दुसऱ्यांच्या रेघा गिरवत होती, तिला हे हवंच होतं. तिने आमचा मार्ग सुचवला होता.

आमचा म्हणजे बेचाळीस किलोमीटरचा, एकेरी रुळाचा. दिवसाला दोन गाड्या. बावीस वर्षांपूर्वी तो बंद झाला. रूळ उखडून नेले, रुळांखालचे आडवे स्लीपर नेले, खडीसुद्धा ट्रकात भरून नेली. आता तिथे मातीची पायवाट आहे आणि गुडघाभर गवत. फाटकाची खोली तेवढी आम्ही विकत घेतली, मागे दोन खोल्या वाढवल्या, आणि तिथेच राहतो. माझं स्वयंपाकघर आहे तिथे पूर्वी फाटकाचा फोन होता. फोन अजून आहे. वायर नाही, नुसतं काळं धूड. नातीने तो हौसेने आपल्या खोलीत फळीवर मांडून ठेवला आहे.

नोकरी आमच्या ह्यांची होती. पण ह्यांची पाठ दुसऱ्याच वर्षी कामातून गेली, आणि पुढची तीस वर्षं कागदावर हे आणि फाटकावर मी. चार इयत्ता शिकलेली बाई, पण एक दिवस फाटक उशिरा लागलं असेल तर दाखवा. साहेब तपासणीला यायचे ते मलाच विचारायचे, ह्यांना नाही.

नात विचारत गेली, मी सांगत गेले. चढ कुठे, उतार कुठे, शिट्टी कुठे द्यायची. फाटकापुढे आंधळं वळण, वळणानंतर ओढ्यावरचा पूल, पुलानंतर पुढचं स्टेशन. स्टेशन म्हणजे नुसता ओटा, माणूस नाही. म्हणून गाडी पुढे सुखरूप गेली की नाही, हे मागच्या स्टेशनमास्तरला मीच फोनवर कळवायची.

"काय बघून कळवायचीस?"

"हातात झेंडी घेऊन गाडीकडे तोंड करून उभं राहायचं. डबे मोजायचे. कुठलं दार उघडं आहे का, कुणी लोंबकळतंय का, ते बघायचं. शेवटच्या डब्याच्या पाठीला लाल पाटी असते. ती दिसली म्हणजे गाडी पूर्ण. मग फोन करायचा, गाडी पूर्ण गेली."

"आणि पाटी दिसली नाही तर?"

"दिसतेच," मी म्हटलं. "पुढचा प्रश्न विचार."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पान उलटलं.

नमुना दोन महिन्यांनी आला. दुपारी जेवणं झाल्यावर नातीने मला आपल्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं. सून दारातून म्हणाली, "आई, तुम्हीपण हिच्या नादी लागलात."

"तुझ्या नादी लागून अठ्ठावीस वर्षं काढली, आता हिच्या लागते," मी म्हटलं.

पडद्यावर गाडी निघाली. खरं सांगते, माझा जीव हलला. तेच ऊन, तेच पिवळं गवत, रुळांमधली तेलाने काळी झालेली खडी. मग फाटक आलं. फाटकाची खोली, चुना उडालेली भिंत, आणि डाव्या खिडकीच्या काचेला गेलेला तडा. तड्यावर मी कणकेने चिकटवलेला वर्तमानपत्राचा कपटा.

"हे त्यांना कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"काय?"

"काच."

"फोटोत असेल, आजी."

नातीने दोनच फोटो पाठवले होते. मी ते नंतर चष्मा लावून पाहिले. दोन्ही उजव्या बाजूने काढलेले.

"आणि ही बाई बघ," नात म्हणाली. "हिला उलटं उभं केलंय. कळवते त्यांना."

फाटकाच्या खांबाशी एक बाई उभी होती. हातात हिरवी झेंडी. तिची पाठ गाडीकडे होती.

मी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

गाडी वळणात शिरली, पुलावरून धडधडत गेली, ओट्याशी थांबली, पुढे निघाली. शेवटच्या स्टेशनात पोचल्यावर पडद्यावर लाल अक्षरं आली. गाडी अपूर्ण. नातीने डबे मोजून दाखवले, तीन निघाले होते आणि तीन पोचले होते. तिने पुन्हा चालवली. गाडी अपूर्ण. संध्याकाळपर्यंत तिने सात वेळा चालवली.

"पंधरा दिवसांत बिनचूक फेरी झाली नाही तर मार्ग बाद करतात," ती म्हणाली. नखं खात होती, लहानपणी खायची तशी.

चौथ्या दिवशी खेळवाल्यांचं उत्तर आलं. नातीने मोठ्याने वाचलं. डब्यांची मोजणी बरोबर आहे, दोष सापडत नाही. आणि त्या फाटकावर आम्ही कुणीही माणूस उभं केलेलं नाही.

"मग ही कोण?" नात पडद्याकडे बोट करून म्हणाली.

मी अभ्र्यांच्या घड्या घालायला उठले.

आता जे मी कुणाला सांगितलं नाही ते लिहिते.

मला एक धाकटी बहीण होती. मागच्या स्टेशनाच्या गावात शिंप्याच्या दुकानात शिवायची. दर गुरुवारी दुपारच्या गाडीने यायची, शेवटच्या डब्यात, फाटकाकडच्या खिडकीत. ओझं नको म्हणून कापडाच्या चिंध्यांचं गाठोडं ती फाटकाशी गाडीतूनच माझ्याकडे फेकायची. नेम धरून, माझ्या डोक्यावर. लागलं की आख्खं वळणभर तिचं हसू ऐकू यायचं. मग पुढच्या ओट्यावर उतरून रुळांतून चालत मागे यायची, दोन-दोन स्लीपर ओलांडत, परकर सावरत. आल्यावर आम्ही चिंध्या निवडत बसायचो.

एका गुरुवारी मी सासरच्या माणसांसमोर म्हटलं, हिने शिवलेलं उसवायलाच जास्त वेळ लागतो. सगळे हसले. ती जेवणावरून उठली. जाताना म्हणाली, "ताई, तू जन्मात एकदा तरी मान खाली घालशील का गं?"

पुढच्या गुरुवारी गाडी आली. मी फाटक लावलं, झेंडी घेतली, खांबाशी उभी राहिले. आणि शेवटचा डबा जवळ आला तशी मी पाठ फिरवली. तिला दिसावं म्हणून. तिने ताई म्हणून हाक मारली. मी वळले नाही. गाठोडं पडायची वाट बघत उभी राहिले. ते पडलं नाही. मी म्हटलं, फुगली असेल.

मग आत जाऊन फोन उचलला आणि सांगितलं, "गाडी पूर्ण गेली. पाटी पाहिली."

ती आली नाही. मागच्या स्टेशनातला तिकीटवाला म्हणाला, शेवटच्या डब्यात बसताना मी स्वतः पाहिली. दुसऱ्या दिवशी वडील आले. त्यांनी एवढंच विचारलं, "फाटकावरून गेली तेव्हा ती खिडकीत होती का?" अठरा माणसं तिथे उभी होती. नीट बघितलं नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. नोकरीचा विचार तेव्हा माझ्या मनातही आला नव्हता. अठरा माणसांसमोर चुकले म्हणायला जीभ वळली नाही, एवढंच.

"मी सगळ्या खिडक्या पाहिल्या," मी म्हटलं. "ती नव्हती. दारंही बंद होती."

म्हणून सगळ्यांनी तिला फाटकाच्या अलीकडे शोधलं. पलीकडे कुणी गेलंच नाही. ओढा त्या दिवशी भरून वाहत होता. दोन दिवसांत ओसरला. मग लोक म्हणाले, पळाली असेल कुणाबरोबर. मी तेही ऐकून घेतलं.

मुदत संपायला एक दिवस उरला. दुपारी नात कचेरीत होती, सून मागे कपडे वाळत घालत होती. मी नातीच्या खोलीत गेले आणि संगणक सुरू केला. तिने मला शिकवलं होतं. एक कळ दाबली की गाडी आपोआप चालते, दुसरी दाबली की फाटकावरच्या जागेवरून दिसतं. संगणकाचा उंदीर सरकवला की मान वळते.

मी गाडी सोडली आणि फाटकावरची कळ दाबली.

माझ्यासमोर खोलीचं दार आलं. तडा गेलेली काच. पायाशी ऊन. मागून गाडीची शिट्टी. बाई उभी होती तशीच मी उभी होते, पाठ करून.

रूळ वाजायला लागले. इंजिन गेलं. पहिला डबा गेला. दुसरा गेला.

मी उंदरावर हात ठेवला. मान वळवली.

शेवटच्या डब्याचं दार उघडं होतं.

दारात कुणीतरी एका हाताने दांडा धरून, खूप बाहेर झुकून उभं होतं. खिडकीतून हाक ऐकू गेली नाही म्हणून दारात आल्यासारखं. दुसऱ्या हातात गाठोडं. तोंड मला नीट दिसलं नाही. ते मागे वळून माझ्याकडेच बघत होतं, डबा वळणात शिरेपर्यंत.

लाल पाटी मी पाहिली.

मग फोन वाजला.

संगणकात वाजला म्हणावं, तर आवाज फळीवरून येत होता. मी उठले. धूळ पुसली, का ते ठाऊक नाही. रिसीव्हर कानाला लावला.

"गाडी पूर्ण गेली का?" कुणीतरी विचारलं. मास्तर विचारायचे तसंच, सपाट.

"नाही," मी म्हटलं. माझी मान खाली गेली होती, ते मला नंतर कळलं. "मी पाहिलं नव्हतं. मी पाठ फिरवली होती. फाटकाच्या पलीकडे शोधा. पुलाखाली शोधा."

पलीकडून नुसतं पाण्याचं वाहणं ऐकू आलं. मग "बरं."

संध्याकाळी नात ओरडत बाहेर आली. "आजी! पूर्ण! गाडी पूर्ण आली! तू काही केलंस का गं?"

"मी काय करणार, चार इयत्तांची बाई," मी म्हटलं.

मार्ग मंजूर झाला. नातीला बोलावणं आलं. सुनेने पहिल्यांदा पडद्यासमोर बसून गाडी बघितली. बाई आता गाडीकडे तोंड करून उभी असते.

"आणि त्यांनी एक गंमत घातलीये," नात म्हणाली. "पुलावर बघ. गाडी गेली की खालून कुणीतरी वर येतं आणि रुळांतून चालायला लागतं. फाटकाकडे."

मी बघितलं. लांबून बोटाएवढं दिसत होतं. मला इतकं भरून आलं की मी उठून स्वयंपाकघरात गेले, आणि सुनेला सांगितलं, आजपासून पुढच्या दाराला कडी लावायची नाही.

तेव्हापासून मी एका जागी बसत नाही. दर दुपारी नात गाडी चालवते, आणि मी उभ्याने बघते. पहिल्या दिवशी ते पुलाच्या कठड्याशी होतं. तिसऱ्या दिवशी वळणाच्या तोंडाशी. काल वळण संपलं. पुलापासून आमच्या दारापर्यंत चालत अकरा मिनिटं लागतात, त्यातल्या एकेका मिनिटाला ते एकेक दिवस घेत येतं आहे.

काल ते इतकं जवळ होतं, की पाय दिसले. धाकटी दोन-दोन स्लीपर ओलांडायची. हे एकेक स्लीपर घेतं. दोन्ही पाय ठेवतं, थांबतं, मग पुढचा.

आज नातीला मी गाडी चालवू दिली नाही. संगणक बंद आहे, मी स्वतः बघितलं. दिवेलागणीची वेळ झाली आहे. सून पुढच्या दाराशी कडीवर हात ठेवून उभी आहे आणि दुसऱ्यांदा विचारते आहे, "आई, लावू की नको?"

घरातल्या कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, असं आजवर झालेलं नाही.

बाहेर पायवाटेवर खडी वाजली. थोडं थांबून पुन्हा वाजली.

खडी तर ते ट्रकात भरून घेऊन गेले होते.