दोन कोसांवरचं शहर

सासऱ्यांच्या खोलीतली भिंत ओकीबोकी दिसत होती, म्हणून अस्मितानं ते चित्र आणलं. अमेरिकेत, प्लेनोत त्यांच्याच गल्लीत एक म्हातारी बाई वारली होती आणि तिच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, त्यात ते मिळालं. जुनं डच एचिंग, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. सपाट शेतं, कालवा, त्यावर लाकडी पूल, आणि पार क्षितिजाला टेकलेलं, बोटाच्या पेराएवढं शहर. वेस, दोन पवनचक्क्या, चर्चचा मनोरा.

मोरेश्वरराव पत्नी गेल्यावर नागपूरहून मुलाकडे, सत्यजितकडे, राहायला आले होते. फारसं बोलत नसत. चित्र लागलं तसं त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली. मग एकदा जेवताना म्हणाले, आज कालव्यापर्यंत जाऊन आलो. चार दिवसांनी म्हणाले, पूल ओलांडला, आता दोन कोस राहिलं. सत्यजितनं डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. या वयात होतं असं, म्हणाला.

पण खोली झाडताना अस्मिताला खुर्चीखाली चिखल दिसला. काळा, ओला, तळ्याच्या गाळाचा वास येणारा. महिनाभर तिथे पावसाचा थेंब पडला नव्हता. तिनं तो मुकाट्यानं पुसून टाकला.

गुरुवारी ती घरूनच काम करत होती. दुपारी बाबांच्या खोलीतून वाऱ्याचा आवाज आला, मोकळ्या माळावर घुमतो तसा. तिनं दार ढकललं. खिडक्या बंद होत्या, खुर्ची रिकामी. बाथरूम, गॅरेज, बॅकयार्ड, सगळं पालथं घातलं. पुढचं दार आतून लॉक होतं. सत्यजितला फोन लावत ती परत खोलीत आली, तर मोरेश्वरराव खुर्चीत बसलेले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, ओठ निळे पडलेले.

तिनं फोन ठेवला, त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं, हात चोळले. हात बर्फासारखे होते.

"बाबा, कुठे गेला होतात?"

"वेशीपर्यंत पोचलो आज," ते शांतपणे म्हणाले. "दाराशी एक माणूस उभा होता. मराठीत बोलला..."

"काय बोलला?"

"घरात किती जणं, विचारलं. मी म्हटलं, तिघं. मुलगा, सून आणि मी." त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. "त्यानं मान हलवली. म्हणाला, तिघं नाही... चौघांची सोय केलीय."

अस्मिताचा हात नकळत पोटाकडे गेला. तिला आज सकाळीच कळलं होतं. सत्यजितलासुद्धा तिनं अजून सांगितलं नव्हतं.