पप्पांची शिवणखोली

"चोर घरातलाच आहे, मॅडम," इन्स्पेक्टरबाई उंबरठा ओलांडायच्या आतच बालगृहाचे संचालक म्हणाले. "धरूनही ठेवलाय."

शिवणखोलीतली विजेवर चालणारी चारही मशिनं रातोरात गेली होती. खिडकीचे गज कापलेले. दाराशी बालगृहातली सर्वांत मोठी मुलगी बॅग घेऊन उभी होती. आज ती नर्सिंग शिकायला जायची होती. तिचा दाखला सही न करताच संचालकांनी खिशात घातला होता.

सगळ्या मुलांनी आपल्याला पप्पा म्हणायचं, हा संचालकांचा नियम. बडे पाहुणे येणार म्हटलं की दिसेल त्याला रंग फासायचा, हा दुसरा. कुंड्या आणि बादल्याही सुटत नसत. पोरांच्या गाद्या मात्र फाटक्याच, कारण पाहुणे तिथवर जात नसत.

"या खोलीला रंग कधी दिला?"

"मशिनं आली तेव्हा, उद्घाटनाला. वर्ष झालं. ती देणारे गृहस्थ उद्या येतायत. काय तोंड दाखवू मी?"

"वापरात होती?"

"रोज, इथेच. माझी बायको शिकवायची. तिचं शिवणाचं दुकान आहे ना."

"हिच्यावर संशय का?"

"जाता जाता हात मारला. कितीही जीव लावा, यांचं रक्तच तसलं."

बाई मुलीकडे वळल्या. "तुला मशीन चालवता येतं?"

"नाही. आम्हाला फोटोपुरतं बसवलं होतं."

"तोंड वर करून खोटं बोलते," पप्पा म्हणाले.

भिंती निळ्या, खिडकी निळी, खोलीतला एकुलता एक प्लगपॉइंटही निळा. बाईंनी वाकून त्यावर नख फिरवलं. मग हवालदाराला संचालकांच्या बायकोच्या दुकानात पाठवलं.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. दुकानाच्या मागच्या खोलीत चारही मशिनं चालू होती.

"चोरी कालची नाही, वर्षापूर्वीची आहे," बाई म्हणाल्या. "उद्घाटनाचे फोटो निघाले आणि मशिनं तुमच्या दुकानात गेली. देणारा बघायला येतोय म्हटल्यावर तुम्हीच गज कापलेत. चोर म्हणून आज जाणारी मुलगी सोयीची पडली."

"मी खोटं बोललो, हे कशावरून?"

"तुमच्याच रंगावरून. प्लगची भोकं रंगाने बुजलीत. वर्षभरात त्यात काहीच घातलेलं नाही. मग रोज मशिनं काय हवेवर चालायची?"

संचालकांनी घाम पुसला. "मॅडम, संस्थेच्या अब्रूचा तरी विचार करा."

बाईंनी चोर पुष्कळ पाहिले होते. पण पोरक्या पोरीच्या गळ्यात स्वतःची चोरी बांधून वर पप्पा म्हणवून घेणारा हा माणूस त्यांना किळसवाणा वाटला.

"आधी खिशातला दाखला काढा. सही करा."

सही झाली. मुलीने दाखला जपून बॅगेत ठेवला.

"बेटा," संचालक अजिजीने म्हणाले, "पप्पांसाठी दोन शब्द बोल ना मॅडमशी."

मुलीने बॅग उचलली.

"माझे वडील मी लहान असतानाच गेले, साहेब," ती म्हणाली आणि बाहेर पडली.