शहाण्णव टक्के आकलन

चौकशीच्या टेबलावर आकलनपट्टी ठेवलेली होती आणि प्रल्हाद कोठावळे तिच्याकडे बघायचं टाळत होते. कपाळाला बांधायची रबराची साधी पट्टी ती. पण गेले आठ महिने तिनंच त्यांची अब्रू राखली होती, आणि कशी राखली हे फक्त दोघांना ठाऊक होतं. एक स्वतः कोठावळे. दुसरी दुर्गा खिल्लारे, जी आता रुग्णालयात प्राणवायूच्या नळीवर होती.

कोठावळे या रंगकारखान्याचे सुरक्षा अधिकारी. तीस वर्षांची नोकरी, जुनी नियमावली पोटकलमांसकट तोंडपाठ. आणि त्याचा तोरा काही कमी नव्हता. मग नियमओघ आला. देशभरातल्या अपघातांचा अभ्यास करून ती यंत्रणा सुरक्षेचे आणि नोकरीचे कायदे रोज दुरुस्त करू लागली. सकाळी आठला दुरुस्त्या यायच्या, जबाबदार अधिकाऱ्यानं पट्टी बांधून त्या वाचायच्या, आणि आकलन ऐंशी टक्क्यांवर गेलं तरच कारखान्याची यंत्रं सुरू व्हायची. न वाचताच ‘वाचले’ म्हणून सही ठोकायची सोय संपली.

कोठावळ्यांचा आकडा एकेचाळीसच्या पुढे सरकेना. अडचण बुद्धीची नव्हती, पाठांतराची होती. नवं कलम वाचायला घेतलं की डोळ्यांपुढे जुनंच उभं राहायचं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या दिवशी यंत्रं साडेअकरापर्यंत बंद राहिली, तेव्हा त्यांनी टाक्या धुणाऱ्या कंत्राटी दुर्गाला केबिनमध्ये बोलावलं आणि पट्टी तिच्या कपाळाला बांधली. बारावी झालेली बाई. चहा पिता पिता तिनं सगळं वाचून काढलं. शहाण्णव टक्के! “सोपंच आहे की ओ साहेब,” ती म्हणाली होती. ते वाक्य कोठावळ्यांना लागलं, चांगलंच लागलं. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी तिलाच बोलावलं.

सोमवारी त्यांनी तिला राळेची टाकी धुवायला सांगितलं. ती त्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “साहेब, आजपासून टाकीत एकट्यानं उतरायचं न्हाई. भायेर दोर धरून माणूस पायजे.”

टाकीपाशी दोघांखेरीज कोणी नव्हतं. ऐकून घेतलं असतं तर कोणापुढेही कमीपणा येणार नव्हता. तरी कोठावळे म्हणाले, “आता तू मला नियम शिकवणार?”

दुर्गानं चपला काढल्या आणि ती उतरली. वाफेनं बेशुद्ध पडलेली ती सापडली तेव्हा वीस मिनिटं उलटून गेली होती.

आज सगळं कबूल करायचं, असं ठरवूनच ते आले होते. पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच कंपनीचे वकील केळुसकर चौकशी अधिकारी नीलांबरी वाघोलीकरांना म्हणाले, “मॅडम, एक स्पष्ट करा. ही पट्टी माणूस ओळखते का?”

“नाही. मेंदूची ओळख साठवायला कायद्यानं मनाई आहे. ज्या डोक्याला ती बांधली त्या डोक्यात मजकूर उतरला की नाही, एवढंच ती सांगते. सोमवारी शहाण्णव टक्के उतरला.”

“आणि दोष कोणाचा, ते कशावर ठरतं?”

“आकलनावरच. रोज बदलणारा कायदा माहीत नसणं हा गुन्हा धरला तर अर्धा देश तुरुंगात जाईल. म्हणून ज्याला तो कळला, त्यालाच तो लागू. कळलाच नाही, तो सुटला.”

“कामगारालाही हेच?”

“सगळ्यांना. नियम कळूनही कामगार टाकीत उतरला, तर अपघात त्यानं स्वतः ओढवून घेतला. उपचार बंद, नोकरीही गेली.”

“साहेबानं हुकूम दिला असला तरी?”

“तरीही. धोक्याचं काम नाकारायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे ना!” वाघोलीकर म्हणाल्या, आणि हा हक्क टाकीच्या तोंडाशी किती चालतो हे त्यांनाही ठाऊक असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. “कामगाराला नियम ठाऊकच नसेल, तर मात्र त्याचे आयुष्यभराचे उपचार कंपनीनं करायचे.”

कोठावळ्यांच्या ओठांवरची कबुली तिथंच थिजली. खरं बोललं तर शहाण्णवचा आकडा दुर्गाच्या नावावर जाणार, म्हणजे ते स्वतः सुटत होते आणि दुर्गा बुडत होती. क्षणभर, एकच क्षण, त्यांना हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची त्यांना जितकी शरम वाटली, तितकी गेल्या आठ महिन्यांत एकदाही वाटली नव्हती.

“सोमवारी पट्टी मी बांधली होती,” ते म्हणाले. “नियम मला कळला होता. तिला ठाऊक नव्हता. मीच तिला उतरवलं.”

केळुसकर ताडकन उठले. अधिकारी दोषी म्हणजे कंपनी दोषी. “मॅडम, हे भावनेच्या भरात बोलताहेत! यांच्या तोंडी अजून जुनीच कलमं असतात, हे सगळा कारखाना जाणतो. आत्ता पट्टी बांधून बघा. पन्नाशी गाठली तर नाव बदलीन.”

कोठावळ्यांनी पट्टी कपाळाला बांधली. समोर तेच कलम आलं. बंदिस्त टाकीत एकट्याने उतरू नये. बाहेर दोर धरून दुसरी व्यक्ती असावी. त्यांनी ते सावकाश वाचलं. या वेळी जुनं कलम मध्ये आलं नाही. टाकीच्या तोंडाशी राहिलेल्या दुर्गाच्या चपला तेवढ्या दिसल्या.

“नव्व्याण्णव,” वाघोलीकर म्हणाल्या.

“पण हे त्यांना सोमवारी कळलं की आज?” केळुसकर ओरडले.

“ते पट्टी सांगत नाही, वकीलसाहेब. कळलंय, एवढंच सांगते.”

चार दिवसांनी निकाल लागला. शिक्षा दोन वर्षांची झाली. हजर व्हायला आठ दिवस मिळाले. दुर्गाच्या उपचारांच्या कागदावर केळुसकरांनी दात-ओठ खात सही केली.

बाहेर दुर्गाचा नवरा नामदेव उभा होता. त्यानं पुढे येऊन कोठावळ्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

“साहेब, लोक म्हणत हुते, साहेब हात वर करनार. खोटं बोलून सुटता आलं असतं तुमाला. पन तुमी खरं बोललात.” त्याचे डोळे भरून आले. “दुर्गा शुद्धीवर आलीया. मी तिला समदं सांगितलं, तर नुसती माझ्याकडं बघत ऱ्हायली. म्हनली, साहेबांना घेऊन या.”

कोठावळ्यांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. नामदेवानं तो सोडला नाही. तसाच धरून तो त्यांना रिक्षाकडे घेऊन निघाला.