धक्क्यावरचं लाल फडकं

तो पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याच्या हातून सुटलेलं डिझेलचं पिंप धक्क्यावरून गडगडत थेट माझ्या अंगावर आलं. मी कशीबशी बाजूला झाले आणि खेकसले, "डोळे कुठे होते तुमचे?"

"तुमच्याकडेच... म्हणून तर सुटलं!"

निर्लज्ज मेला! पण मला हसू आवरेना.

बेटावरचा जनरेटर बाबा चालवायचे आणि डिझेल त्याची लाँच आणायची. पिंपातलं डिझेल तळाला गेलं की मी धक्क्यावरच्या खांबाला लाल फडकं बांधायचे. समोरच्या बंदरातून त्याला ते दिसायचं. पुढे पुढे पिंप अर्धं असतानाच फडकं वर जाऊ लागलं.

"डिझेल पिता की काय तुम्ही?" पिंपात काठी बुडवून तो गालात हसायचा.

"तुम्हाला काय करायचंय? आणायचं काम करा!"

सौर पॅनेलांसाठी अर्ज मात्र मीच लिहिला. वीज चारच तास असायची, दवाखान्यातली औषधं खराब व्हायची. घरोघर फिरून सह्याही मीच घेतल्या. पॅनेलं आली ती त्याच्याच लाँचमधून. एकेक त्याने तान्ह्या मुलासारखं जपून उतरवलं आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं... आता डिझेल लागणार नाही. बाबांना पॅनेलं पुसायचं काम मिळालं होतं. त्याला काहीच नाही.

"तुमच्या पोटावर मीच पाय दिला," मी कसंबसं म्हणाले.

"काहीतरीच काय! औषधं टिकतील ना आता?" दोर सोडता सोडता तो थांबला. "फडकं मात्र बांधा... डिझेल नको असलं तरी. महिनाभर तरी लाँच विकत नाही मी."

रोज फडकं हातात घ्यायचे, आणि कुठल्या तोंडाने बोलावू म्हणून परत घडी घालून ठेवायचे. आत्या करवादायची, "अगं, बांध की एकदाचं!" माझा हातच धजेना.

बांधलं तेव्हा दीड महिना उलटला होता. लाँच आली! मी धावतच धक्क्यावर गेले. सुकाणूवर कुणी भलताच माणूस होता.

"लाँच मी घेतली आता. तो मालवाहू जहाजावर लागला, दोन वर्षं तरी येत नाही. जाताना बजावून गेलाय, या खांबावर लाल फडकं दिसलं की हातातलं काम टाकून जायचं. काय हवंय, ताई?"

"काही नाही," मी म्हणाले आणि फडकं सोडायला वळले. गाठ मीच घट्ट मारली होती, ती काही केल्या सुटेना.